पाहुण्याला किती वाढावं

कुल्दीगाच्या चर्चचा ऑर्गन दुरुस्तीला खोललाय.
नळ्या भिंतीशी उभ्या, गोणपाटात गुंडाळलेल्या,
आणि स्काइद्रीते आत्याला एकही रविवार चुकवायचा नाही.

म्हणून तिच्या स्वयंपाकघरात मी माझा संगणक मांडला.
लिनक्सच्या पोटात विंडोज,
विंडोजच्या पोटात ऑर्गन.
एकेक नळी कुणीतरी कुठल्याशा थंड चर्चमध्ये
रात्र रात्र जागून ध्वनिमुद्रित केलेली.
आत्यानं हात ठेवले, पाय ठेवले,
आणि तिसऱ्याच ओळीत सूर अडखळला.
टक्.
मग नीट.
मग टक्.

"उचकी लागलीय," ती म्हणाली. "कोण आठवण काढतंय याची?"

मला वाटलं, भूक असेल.
आठ कोअर, प्रत्येकाचे दोन धागे, एकूण सोळा.
पाहुण्याच्या पानात चार होते, आठ वाढले.
मग बारा. घ्या हो, लाजू नका.
मग सगळेच.
आता पाहुणा तुपाशी
आणि यजमानाचा माउससुद्धा लंगडत चाललेला,
सूर तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसे
टक् टक् टक् टक्.

आत्याला संगणकातलं काही कळत नाही. ती मोजते.
वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिलनं तिनं लिहिलं:
अकरा मात्रांनी एकदा,
पुढे दोन लागोपाठ,
पाय आले की जास्त.
मग चष्मा कपाळावर सरकवून:
"सगळे खटके बाहेर ओढलेस का रे, ग्वीदो?"

ती नऊ वर्षांची होती. वाजवायला तिचे वडील,
भिंतीमागे भात्याच्या दांड्याला लोंबकळायला ही.
मजुरी, साखरेचे दोन खडे.
एका ईस्टरला वडिलांना हुक्की आली,
होते नव्हते तेवढे खटके त्यांनी ओढले.
ही सगळ्या वजनानिशी लोंबकळली,
तरी शेवटच्या सुरावटीत हवा संपली,
आणि न फुगलेल्या पावासारखा सूर बसला.
लोक वडिलांकडे बघत होते.
भिंतीमागे कुणी पाहिलं नाही.
साखर मिळाली नाही त्या दिवशी.

मी पाहुण्याचं पान कमी केलं.
चार ते सात एवढेच धागे त्याचे, खिळ्यानं ठोकल्यासारखे पक्के.
बाकीचे यजमानाचे.
टक् विरळ झाली, पण गेली नाही.
चाळीस मात्रांनी एकदा, आत्या म्हणाली, आणि झोपायला गेली.

रात्री दीड. खिडकीबाहेर नदीचा धबधबा
न अडखळता पडतोय, त्याचा राग येतोय मला.
शेवटी तो तक्ता उघडला, जो आधीच उघडायला हवा होता:
चारची जोडी बाराशी,
पाचची तेराशी.
अरे!
धागे दोन, चूल एकच.
मी एकेका चुलीशी दोन जावा उभ्या केल्या होत्या,
एक पाहुण्याची, एक यजमानाची,
आणि दोघींनाही सांगितलं होतं, ही चूल तुझीच.

मग चुली वाटल्या, धागे नाही.
चार ते सात, सोबत बारा ते पंधरा, पाहुण्याला.
उरलेल्या चार चुली घरच्यांसाठी,
तिथं पाहुण्यानं डोकवायचं नाही.

सकाळी आत्यानं पायाखालचा सर्वांत खोल सूर दाबला
आणि दाबूनच धरला.
टेबलावरचे चमचे थरथरले.
मी श्वास रोखून टक् ची वाट पाहिली.
कॉफी उतू गेली, तरी कुणी उठलं नाही.

रविवारी मी भिंतीमागे बसलो होतो,
जिथं पूर्वी भाता होता तिथं,
पेटीचा पंखा मांडीला गरम वारा घालत होता.
तिसऱ्या स्तोत्रात एकदा, फक्त एकदा, टक् झालं.
त्याच क्षणी कुणीतरी खोकलं, देव त्याचं भलं करो.

लोक बाहेर पडले. आत्याचा हात धरून
कुणी कुणी काही बोलले.
मग ती भिंतीमागे आली,
कोटाच्या खिशात चाचपली,
आणि माझ्या तळव्यावर ठेवले
साखरेचे दोन खडे,
जरा मळलेले,
एकाला लोकरीचा धागा चिकटलेला.